निवळ पाणी आणि निमूट मूल

इ. स. १८५२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १४ व्या तारखेस लंडन शहरांतील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या रस्त्यावर एका जुन्या वाड्यांत आजारी मुलांसाठीं एक रुग्णालय उघडलें. खाटा अवघ्या दहा होत्या. एके काळीं हा वाडा रिचर्ड मीड या नामांकित राजवैद्याचा होता. आतां तेथें जीं मुलें यावयाचीं होतीं तीं मात्र गरिबांचीं. डॉक्टर चार्ल्स वेस्ट यांनीं या कामासाठीं कित्येक वर्षें खटपट केली होती. १८४३ सालीं लंडनमधील रुग्णालयांतल्या रोग्यांची मोजदाद झाली तेव्हां दोन हजारांहून अधिक रोग्यांत दहा वर्षांखालील मुलें केवळ २६ भरलीं. आणि हें अशा शहरांत, कीं जेथें स्मशानाकडे जाणाऱ्यांत लहान मुलांची संख्याच डोळ्यांत भरावी इतकी मोठी होती.

पुढच्याच वर्षीं, १८५३ च्या मे महिन्यांत, तेथून सुमारें दोन मैलांवर, रीजंट पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत एक नवीन दालन लोकांसाठीं खुलें झालें. जाड कांचेच्या टाक्यांत मासे, खेकडे, शंख आणि समुद्रफुलें जिवंत ठेवलेलीं होतीं. जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय तें हेंच. समुद्राच्या तळाशीं काय चाललेलें असतें हें आजवर बुडालेल्या माणसांनाच ठाऊक. तें आतां तिकिट काढून कोरड्या पायांनीं पाहतां येऊं लागलें.

या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे असें त्या वेळीं कोणास वाटलें नाहीं, आणि वाटण्याचें कारणही नव्हतें. एक संस्था दयेची, दुसरी करमणुकीची. परंतु दीडशेंहून अधिक वर्षांनीं, २०११ सालीं, ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरांत मुलांच्या रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली, तेव्हां तिच्यांत प्रवाळखडकाचें एक दोन मजले उंच मत्स्यालय बांधण्यांत आलें. लंडनमध्यें शेजारीं शेजारीं जन्मलेल्या दोन कल्पना एका छपराखालीं यावयास एवढा काळ कां लागला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

मासे पाळण्याची हौस तशी प्राचीन. चीनमधील श्रीमंतांच्या कुंडांत सोनेरी मासे शतकानुशतकें पोहत होते. रोमन धनिकांनीं समुद्रकांठीं खाऱ्या पाण्याचीं तळीं बांधलीं होतीं. पण त्यांत भरती-ओहोटीचें पाणी येत-जात असे, म्हणजे तेथें समुद्र स्वतःच राबत होता. समुद्रापासून दूर, चार भिंतींच्या आंत, मोजक्या पाण्यांत समुद्राचे जीव जगविणें ही गोष्ट निराळी. बरणींत समुद्राचें पाणी भरून मासा सोडला तर तो एक-दोन दिवस बरा दिसे. मग वर येऊन तोंडाची उघडझांप करूं लागे, आणि लवकरच पाण्यास घाण सुटे.

या कामांत पहिलें यश स्त्रियांना आलें, हें नमूद केलें पाहिजे. जान व्हीलप्रो-पॉवर या फ्रेंच बाई मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. लग्नानंतर त्या सिसिली बेटावरील मेसिना येथें राहूं लागल्या, आणि १८३२ सालीं त्यांनीं कांचेच्या पेट्या करवून त्यांत समुद्रांतील प्राणी ठेवले. आर्गोनॉट नांवाचा आठ हातांचा जो प्राणी आहे, त्याचें पातळ कवच त्याचें स्वतःचें कीं दुसऱ्याचें चोरलेलें, असा विद्वानांत वाद होता. बाईंनीं तो प्राणी पेटींत वाढवून, तें कवच तो स्वतःच घडवितो हें सिद्ध केलें. परंतु मेसिना हें बंदर. ताजें पाणी तेथें हाताशीं होतें.

लंडनमध्यें तें नव्हतें. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एका सुखवस्तु बाई टॉर्की येथें समुद्रकिनाऱ्यावर गेल्या असतां त्यांना खडकांवर जिवंत पोवळीं आढळलीं. हीं पोवळीं उष्ण समुद्रांतील खडक रचणाऱ्या जातीचीं नव्हेत, थंड पाण्यांतील एकएकटीं वाढणारीं. पण जात तीच. बाईंना तीं लंडनला न्यावयाचीं होतीं. त्यांनीं एका मोठ्या स्पंजाला सुईदोऱ्यानें तीं पोवळीं टांचलीं, तो स्पंज समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत ठेवला आणि घरीं आणला. पाणी शिळें होऊं नये म्हणून त्यांनीं युक्ति योजली ती अशी: रोज अर्धापाऊण तास एका मोलकरणीनें उघड्या खिडकीसमोर उभें राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत ओतीत राहावयाचें. पुढें बाईंनीं त्यांत समुद्रांतील वनस्पति ठेवल्या. पोवळीं तीन वर्षें जगलीं, त्यांना पिलें झालीं. बाईंचें नांव शास्त्रीय मासिकांत छापलें गेलें. त्या मोलकरणीचें नांव मात्र इतिहासानें ठेवलेलें नाहीं. आज प्रत्येक टाकीखालीं जो पंप गुरगुरत असतो, तो तिचेंच काम करीत असतो.

याच सुमारास लंडनमधील अपॉथेकरीज हॉल या औषधी तयार करणाऱ्या संस्थेंतील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं तोच प्रश्न निराळ्या मार्गानें हातीं घेतला. वनस्पति प्राणवायु देतात आणि कर्बवायु घेतात, प्राणी याच्या उलट करतात, हें तोंवर माहीत झालेलें होतें. डॉक्टर वॉर्ड यांनीं बंद कांचपेटींत झाडें वर्षानुवर्षें जगवून दाखविलीं होतीं. अशाच पेट्यांतून पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत हिमालयाच्या पायथ्याशीं पोंचविलीं. वॉरिंग्टन यांनीं १८४९ सालीं एका मोठ्या कांचेच्या भांड्यांत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति ठेवली. कांहीं दिवस ठीक चाललें. मग वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर शेवाळ चढलें. तेव्हां त्यांनीं त्यांत तळ्यांतील पांच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, शेवाळ खाल्लें. त्यांचीं अंडीं माशांनीं खाल्लीं. पाणी पुन्हां निवळलें. मासा, वनस्पति आणि गोगलगाय असा हा त्रिकोण जमला कीं पाणी बदलण्याची गरज नाहीं, असें त्यांनीं १८५० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मांडलें.

ही 'समतोला'ची कल्पना लोकांना विलक्षण आवडली. एवढी सुबक कल्पना खरी नसेल असें वाटणें कठीणच. इंग्लंडमधील कांचेवरचा कर १८४५ सालीं उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. आगगाडीनें किनारा जवळ आणला होता. फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालीं 'दि ॲक्वेरियम' हा ग्रंथ लिहून या पेटीला कायमचें नांव दिलें, आणि निरनिराळे क्षार गोड्या पाण्यांत मिसळून समुद्राचें पाणी घरीं कसें बनवावें तेंही सांगितलें. मग काय, दिवाणखान्यांतून अशा पेट्यांची लाट आली. लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले आणि खडकांच्या खळग्यांतील जीव उपटून नेऊं लागले. गॉस यांच्या चिरंजीवांनीं १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत या लुटीबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. वडिलांच्या वाचकांनींच तो किनारा उजाड केला, ही खंत त्यांच्या मनांत होती. आणि ते नेलेले जीव जगले म्हणावे तर तेंही नाहीं. बहुतेक पेट्यांत आठ-पंधरा दिवसांत मरतुक पडे, आणि दहा वर्षांच्या आंत ती लाट ओसरली.

समतोल साधूनही प्राणी कां मरावेत? विल्यम ॲल्फर्ड लॉइड या मत्स्यालयाच्या व्यापाऱ्यानें या प्रश्नाचें व्यवहारी उत्तर शोधलें. १८७१ सालीं क्रिस्टल पॅलेस येथें उघडलेल्या मत्स्यालयांत त्यानें दर्शनी टाक्यांच्या कितीतरी पट मोठा हौद जमिनीखालीं अंधारांत बांधला, आणि यंत्रानें पाणी खालून वर व वरून खालीं सतत फिरतें ठेवलें. लोकांना दिसे तें पाणी थोडें. खरा सांठा अदृश्य. हा उपाय चालला. नेपल्स येथें १८७४ सालीं सुरू झालेल्या प्रसिद्ध मत्स्यालयासही लॉइडची मदत झाली होती. उपाय कां चालतो, हें मात्र लॉइडला पुरतें उमगलेलें नव्हतें.

येथें इतिहासानें एक योग घडवून आणला. वॉरिंग्टन यांचे चिरंजीव, नांव तेंच, रॉबर्ट वॉरिंग्टन, हे रॉथॅमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. खतांतील अमोनियाचा मातींत सोरा कसा होतो, हा त्यांचा विषय. १८७७ सालीं श्लेसिंग आणि म्यून्त्स या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं हें काम रसायनाचें नसून जिवंत सूक्ष्मजंतूंचें आहे असें दाखविलें होतें. धाकट्या वॉरिंग्टननीं त्याचा पाठपुरावा करून हें रूपांतर दोन टप्प्यांनीं होतें हें दाखवून दिलें. आणि १८९० सालीं विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे करून हातीं दिले. संशोधन शेतांतल्या मातीचें होतें. परंतु वडिलांच्या भांड्यांतील कोडें त्यानेंच सुटलें. मासा श्वासावाटे कर्बवायु सोडतो एवढेंच नव्हे. त्याच्या कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर पडतो, आणि अमोनिया हें त्याला विष आहे. दगडांवर, वाळूंत, कांचेवर सूक्ष्मजंतूंची एक जात त्या अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी जात नायट्राइटचें नायट्रेट करते, आणि हें शेवटचें बरेंच निरुपद्रवी असतें. वडिलांच्या त्रिकोणांत चौथा भागीदार होता. तो डोळ्यांना दिसत नव्हता एवढेंच. नव्या पेटींत तो नसतो. त्याला वस्ती करावयास कांहीं आठवडे लागतात, आणि उतावळा मनुष्य तोंवर थांबत नाहीं.

यांत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. अमोनियाला रंग नाहीं. ज्या पाण्यांत मासा उद्यां मरणार आहे, तें पाणी आज आरशासारखें निवळ असूं शकतें.

आतां ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटकडे वळूं. त्या रुग्णालयाची कीर्ति झपाट्यानें वाढली. १८५८ सालीं त्याच्या मदतीसाठीं भरलेल्या भोजनसमारंभांत चार्ल्स डिकन्स यांनीं भाषण करून श्रोत्यांना हेलावून सोडलें व मोठा निधि जमला. पाठोपाठ इतर शहरांत मुलांचीं रुग्णालयें निघालीं. मेलबर्नचें १८७० सालचें. खाटा स्वच्छ झाल्या, दूध उकळून मिळूं लागलें, परिचारिका शिकलेल्या आल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं तर १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत असेंही लिहिलें होतें कीं, रंग, फुलें आणि दृष्टीला होणारा पालट यांचा परिणाम रोग्याच्या केवळ मनावर नव्हे, शरीरावरही होतो. आणि दीर्घ दुखण्याच्या रोग्याला एखादें लहानसें पाळीव जनावर उत्तम सोबत करतें. हें वाचलें पुष्कळांनीं, आचरलें थोड्यांनीं.

कारण रुग्णालयांतली शिस्त दुसऱ्याच दिशेला चालली होती. घटसर्प, लाल ताप, गोवर यांच्या साथींत बाहेरचा प्रत्येक मनुष्य संशयित. आणि आईबाप हेही बाहेरचेच. ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालयांत त्यांना आठवड्यांतून एखादा दिवस, एखाद-दोन तास भेटीची मुभा असे. कित्येक ठिकाणीं तीही नसे. साथीची भीति खरी होती, हें विसरतां कामा नये. परंतु साथी ओसरल्यावरही नियम राहिला, आणि त्याला दुसरें समर्थन सांपडलें: आई भेटून गेली कीं मूल रडतें, वॉर्डांत गोंधळ होतो, न भेटल्यास तें दोन-तीन दिवसांत 'रुळतें'. निमूटपणें पडून राहतें, दिलें तें खातें, परक्या हातीं सुई टोंचून घेतें. डॉक्टर समाधानानें म्हणत, मूल रमलें.

तें रमलेलें नव्हतें. लंडनमधील टॅव्हिस्टॉक क्लिनिक या संस्थेंतील जेम्स रॉबर्ट्सन यांनीं १९५२ सालीं, म्हणजे त्या दहा खाटांच्या रुग्णालयास बरोबर शंभर वर्षें होत असतां, एक बोलपट नव्हे तर साधाच मूक चित्रपट घेतला. सुमारें अडीच वर्षांची एक मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस रुग्णालयांत राहते. त्यांत दुसरें कांहींच घडत नाहीं. ती फारशी रडतही नाहीं. मात्र तिचा चेहरा दिवसेंदिवस विझत जातो, आणि शेवटीं आई आली असतां ती तिच्यापासून तोंड फिरविते. मूल आधीं आक्रोश करतें, मग निराशेनें गप्प बसतें, आणि पुढें मन तोडून टाकतें, असें रॉबर्ट्सन यांचें म्हणणें होतें. ज्या गप्पपणाला वॉर्ड सुधारणा समजतो, ती दुसरी पायरी आहे. वैद्यकीय मंडळींपुढें तो चित्रपट दाखविला तेव्हां पुष्कळ डॉक्टर संतापले. तथापि १९५९ सालीं सरकारी प्लॅट समितीनें आईबापांना मोकळेपणीं भेटूं द्यावें, लहान मुलांच्या आईस सोबत राहूं द्यावें, अशी शिफारस केली, आणि हळूहळू रुग्णालयांचीं दारें उघडलीं.

दारें उघडलीं तेव्हां इमारतींचा प्रश्न निर्माण झाला. आई येणार, भावंडें येणार, तासन् तास बसणार. पण जुन्या रुग्णालयांत बसावयास लांबलचक कॉरिडॉर आणि बांक यांखेरीज होतें काय? मुलाच्या भोंवतीं चालत्या जगाचा कांहीं अंश असला पाहिजे, ही जाणीव त्यानंतरची. मत्स्यालयाला रुग्णालयांत जागा मिळाली ती या जाणिवेनें. वॉर्डांत कुत्रें-मांजर आणणें अवघड. मासा कांचेपलीकडे राहतो.

तरीही प्रवाळखडक येणें सोपें नव्हतें. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या मांसांत सूक्ष्म शेवाळ राहतें, आणि तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून मालकाला पोसतें. टॉमस गोरो यांनीं जमेकाच्या समुद्रांत प्रयोग करून १९५९ सालीं दाखविलें कीं, प्रवाळाचें चुन्याचें बांधकाम अंधारापेक्षां उजेडांत अनेक पटींनीं वेगानें चालतें. म्हणजे लॉइडचा अंधारा हौद माशांना पुरे; प्रवाळाला ऊन हवें, पाणी नितळ हवें, आणि तेंही सतत हेलकावणारें. फ्रेंच शास्त्रज्ञ रने काताला यांनीं न्यू कॅलेडोनियांतील नूमेआ येथें १९५६ सालीं उघडलेल्या मत्स्यालयांत जिवंत प्रवाळें यशस्वी रीतीनें ठेवलीं. पण तेथें शेजारच्या समुद्राचेंच पाणी वाहत होतें. जान बाईंच्या मेसिनाची ही पुढची आवृत्ति.

समुद्रावांचून तें साधण्याची वाट दाखविली ती जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं. १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत त्यांचा लेख आला. त्यांच्या टाकींत भारी यंत्रें नव्हतीं. समुद्रांतून आणलेले, जीवजंतूंनीं भरलेले दगड, मंद बुडबुडे आणि दिवसाचें ऊन, एवढ्यावर त्यांचीं प्रवाळें जगत होतीं. हे 'जिवंत दगड' म्हणजे धाकट्या वॉरिंग्टनच्या जंतूंचीं तयार गांवेंच होत. दगडाच्या बाहेरच्या भागांत अमोनियाचा निकाल लागतो. आंतल्या, प्राणवायु न पोंचणाऱ्या भागांत दुसरे जंतु नायट्रेटचाही निकाल लावतात. थंड देशांतील हौशी लोकांना हें लगेच साधलें नाहीं, कारण त्यांच्यापाशीं जकार्ताचें ऊन नव्हतें. पुढें प्रखर दिवे आले. फेसाचें यंत्र आलें: उंच नळींत बारीक बुडबुडे सोडले कीं पाण्यांतील मळ त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो व काढून टाकतां येतो. उसाचा रस काहिलींत उकळत असतां वर आलेली मळी गुऱ्हाळकरी काढतो, त्यांतलाच हा प्रकार. १९८० च्या सुमारास वॉल्टर ॲडी यांनीं वॉशिंग्टनमधील स्मिथ्सोनियन संग्रहालयांत प्रवाळखडकाची टाकी लोकांना दाखविली, आणि १९८७ सालीं ऑस्ट्रेलियांतील टाउन्सव्हिल येथें पंचवीस लाख लिटर पाण्याचा जिवंत प्रवाळखडक उभा राहिला. ॲना थिन बाईंच्या बरणीपासून येथवर यावयास १४१ वर्षें लागलीं.

एवढें झाल्यावर मेलबर्नच्या रुग्णालयांत तसें दृश्य आणणें शक्य होतें. तेथील इमारतीचें उद्घाटन एलिझाबेथ राणीच्या हस्तें २०११ च्या ऑक्टोबरांत झालें. मत्स्यालयाखेरीज तेथें मीरकॅट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्यांचेंही एक घर आहे. मात्र रुग्णालयांतील टाकी ही प्राणिसंग्रहालयांतील टाकीसारखी बांधून भागत नाहीं. एक लाख लिटर समुद्राचें पाणी म्हणजे शंभर टनांहून अधिक वजन. त्यांत मीठच साडेतीन टन. तें इमारतीच्या पायाचाच हिशेब बदलतें, म्हणून टाकीचा निर्णय नकाशावर व्हावा लागतो, इमारत झाल्यावर नव्हे. रुग्णालयाचे नळ तांब्याचे असण्याचा संभव. आणि तांबें प्रवाळाला व गोगलगायीला घातक. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग मोरचुदानें हटतो, पण प्रवाळाच्या टाकींत मोरचूद घालतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक नवा मासा आधीं वेगळ्या टाकींत कांहीं आठवडे ठेवून, निरोगी ठरल्यावरच आंत सोडावयाचा. नव्या रोग्याला वेगळें ठेवण्याची पद्धति रुग्णालयास शिकवावी लागत नाहीं, एवढें बरें.

याहून नाजूक गोष्ट मुलांची. माशांच्या टाक्यांत क्षयाच्या जंतूचा एक दूरचा भाऊबंद आढळतो. निरोगी मनुष्याच्या हातावर त्यानें फार तर गांठी येतात, परंतु कर्करोगावरील औषधांनीं ज्या मुलाची प्रतिकारशक्ति क्षीण झाली आहे त्याची गोष्ट वेगळी. म्हणून टाकी वरून बंद, पाण्याची खोली व हवा स्वतंत्र, आणि मुलाचा हात पाण्यास लागणार नाहीं अशी रचना असावी लागते. पॅलिथोआ नांवाची एक देखणी प्रवाळासारखी जात आहे. तिच्या अंगांत भयंकर विष असतें व ती हाताळणारे कित्येक जण आजारी पडलेले आहेत. तिला येथें स्थान नाहीं.

मग प्रश्न उरतो, प्रवाळ खरें असावें कीं कृत्रिम? कित्येक रुग्णालयांतून आणि मोठ्या मत्स्यालयांतूनही सांच्यांतून काढून रंगविलेलें प्रवाळ असतें, आणि त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. चांगला निगा राखणारा मनुष्य कायमचा नेमलेला नसेल तर कृत्रिम प्रवाळच बरें. रुग्णालयाच्या मध्यभागीं मरत चाललेला खडक ठेवण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाहीं. मुलें प्रथम पाहतात तो मासाच. २००३ सालच्या एका चित्रपटानंतर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा तर जगांतील सर्व मुलांच्या परिचयाचा झाला. परंतु कित्येक दिवस राहणारें मूल हळूहळू दुसरेंही पाहूं लागतें: जिवंत प्रवाळाचीं बोटें उघडतात-मिटतात, खडक वाढतो. हें सांच्यांतलें प्रवाळ करीत नाहीं. शिवाय आतां त्यासाठीं समुद्र लुटावा लागत नाहीं. तो पट्ट्यांचा मासा टाक्यांतच पैदा करतां येतो, आणि प्रवाळाचा बोटभर तुकडा दगडावर चिकटविला कीं त्याची नवी वसाहत होते.

आपल्याकडे तर लुटण्यास कायद्यानेंच बंदी आहे. २००१ सालीं खडक रचणारीं प्रवाळें वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आलीं, वाघाच्या पंक्तींत. २०२० सालीं मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामांत आड आलेल्या १८ प्रवाळवसाहती हलवावयाच्या तर त्यासाठीं रीतसर परवानगी घ्यावी लागली. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपासही प्रवाळें आहेत, तीं तेथेंच पाहावयाचीं. मुंबईंत मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ सालीं निघालें आणि तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं. दोन्हींमागें पारशी कुटुंबांचें औदार्य होतें. या शहरांतही त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रस्त्यांवर, एकमेकींस अपरिचित अशा जन्मल्या.

या सर्व खटाटोपाचा मुलास उपयोग किती, याबद्दल अतिशयोक्ति नको. १९८४ सालीं रॉजर उल्रिक यांनीं पेन्सिल्व्हेनियांतील एका रुग्णालयाचीं टिपणें तपासून दाखविलें कीं, ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत ते रोगी, ज्यांना विटांची भिंत दिसे त्यांच्यापेक्षां थोडे लवकर घरीं गेले आणि त्यांना वेदनाशामक कडक औषधें कमी लागलीं. प्लिमथच्या मत्स्यालयांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, टाकींतील माशांची संख्या वाढत गेली तशी पाहणारे अधिक वेळ थांबले व त्यांच्या हृदयाची गति अधिक उतरली असें आढळलें. पण हे रोगी प्रौढ होते, हे प्रेक्षक आपखुषीनें आलेले होते. मत्स्यालय हें औषध नव्हे. जें मूल सुईची वाट पाहत बसलें आहे त्याला पाहावयास कांहीं तरी असणें, आणि शेजारीं बसलेल्या आईला त्याच्याशीं बोलावयास विषय मिळणें, एवढें त्याचें काम. "तो बघ, दगडाआड गेला," असें मूल म्हणालें, म्हणजे तें निमूट राहिलेलें नाहीं.

अशी टाकी भरली गेली कीं कारागीर निघून जातात, दिवे लागतात, पाणी निवळ होतें, आणि जो तो विचारूं लागतो कीं मासे कधीं येणार. मासे येत नाहींत. रिकाम्या खडकांवरून पाणी कित्येक आठवडे नुसतें फिरत राहतें. रोज त्याची परीक्षा होते: आधीं अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतें, मग तेंही उतरतें. दोन्हींची खूण परीक्षानळींत उमटेनाशी झाली आणि कांचेवर हिरवट-तपकिरी थर दिसूं लागला, म्हणजे टाकी वस्तीला योग्य झाली. सोडावयाचे पहिले प्राणी बहुधा मासे नसतात. ते असतात शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी.